'डिस्कस अबाउट' का चुकतं?

शंकेखोर: ईमेलमध्ये 'वुई विल डिस्कस अबाउट द रिपोर्ट' लिहिलं. साहेबांनी 'अबाउट'वर काट मारली, कारण काही सांगितलं नाही. मग 'टॉक अबाउट' कसं चालतं? तीन दिवस डोकं खातंय हे.

जुनी मास्तरीण: 'डिस्कस' सकर्मक आहे, कर्म थेट घेतं: 'डिस्कस द रिपोर्ट'. 'टॉक'ला मात्र मध्ये 'अबाउट' लागतं. आपण मराठीत 'अहवालाबद्दल चर्चा' म्हणतो ना, तो 'बद्दल' तिकडे घुसतो. गंमत म्हणजे नाम आलं की तो परत येतो: 'अ डिस्कशन अबाउट द रिपोर्ट' अगदी बरोबर. 'रीच'चंही तेच, 'रीच्ड द स्टेशन', मध्ये 'टू' नको. पण 'अराइव्ह' असेल तर 'ॲट द स्टेशन'. एका अर्थाची दोन क्रियापदं, वागणूक वेगळी. म्हणून मी मुलांना क्रियापद कधीच सुटं पाठ करू देत नसे.

अर्धवट: आपल्या 'तिच्याशी लग्न'मुळे मी वर्षानुवर्षं 'मॅरीड विथ हर' म्हणत होतो! 'मॅरीड हर' किंवा 'मॅरीड टू हर' हवं. 'मॅरीड विथ टू किड्स' मात्र चालतं, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत.

शंकेखोर: आभार, बाई. मग 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'?

जुनी मास्तरीण: त्यात दोन चुका. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणा. कालावधीला 'फॉर', सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स': 'सिन्स 2019'. मराठीत दोन्हीकडे 'पासून'च, तिथेच फसतो आपण.