काळ्या घोड्यावरचा राजा गेला कुठे?

प्रश्न
रविवारी लेकाला जहांगीर आर्ट गॅलरीत नेलं होतं. बाहेर काळा घोडा बघून म्हणाला, "बाबा, यावर कोणीच कसं बसलेलं नाही?" मी आपली थाप मारली, राजा चहा प्यायला गेलाय. खरं काय? जुना पुतळा कुठे हलवला?

प्रतिसाद १
राणीच्या बागेत, भायखळ्याला. तुम्ही बघितलात तो नवा घोडा, 2017 चा.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. मी गोदीत खलाशांचा, म्हणजे अवजड सामान उचलणाऱ्या कामगारांचा मुकादम होतो, त्यामुळे पुतळा दिसला की माझं लक्ष आधी त्याच्या पायांकडे जातं.

जुना घोडा 1879 चा. बोएम या शिल्पकाराचा, खर्च ससून शेठचा. वर बसलाय सातवा एडवर्ड, तेव्हाचा युवराज. 1965 मध्ये दोघांना उचलून बागेत नेलं. नाव मात्र चौकातच राहिलं.

असलं धूड उचलताना पट्टा पोटाखालून घ्यायचा, मानेला हात लावायचा नाही. पट्ट्याखाली गोणपाटाच्या घड्या. आधी फक्त चार बोटं उचलायचं आणि थांबायचं. कुठे कलतंय का ते बघायचं. कललं तर खाली ठेवून पट्टा सरकवायचा, पुन्हा चार बोटं. घाईवाला माणूस तिथे उभाच करायचा नाही. आमचं अर्ध काम म्हणजे हे थांबणंच.

त्याच बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले आणि उचलताना क्रेनच मोडली. ब्राँझ पडलं तर चेपतं, दगड फुटतो. तुकडे मुंबईत आणले, पण जोडले थेट 1914 मध्ये! जवळून बघा, अंगावर सांधे दिसतात. राजापेक्षा मला तो हत्ती जास्त आवडतो.

प्रश्नकर्ता
काका, लेकाला वाचून दाखवलं. राजाचं त्याला काही नाही, हत्तीचे सांधे मोजायचेत म्हणतो. बुधवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा नेतो.

प्रतिसाद २
बुधवारी नको, बाग बंद असते.