ऊसतोडीच्या हंगामात एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) मध्येच सुटते, त्याचे काय करावे?

प्रश्न – समुपदेशक, बीड जिल्हा

नमस्कार. मी एका एआरटी केंद्रात समुपदेशनाचे काम करते. दसरा उलटला की आमच्याकडील अनुपस्थितांची यादी वाढू लागते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास ती पुन्हा आखडते, कारण आमचे बरेच रुग्ण मुकादमाकडून उचल घेऊन सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडीला गेलेले असतात. तीन महिने न फिरकलेल्या रुग्णाची नोंद ‘एलएफयू’, म्हणजे ‘संपर्क तुटलेला’, अशी होते. मला मात्र तो शब्द पटत नाही, कारण तो कोणत्या कारखान्याच्या तळावर आहे हे निम्म्या गावाला ठाऊक असते, ठाऊक नसते ते फक्त आम्हाला. सोबत नेलेली बाटली संपली की हे लोक परत येईपर्यंत काहीच घेत नाहीत. जवळच्या केंद्रात जायचे म्हटले तर खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. परतल्यावर वजन घटलेले असते, कोणाला खोकला लागलेला असतो. आपल्यापैकी कोणी यावर काही केले असेल तर कृपया लिहावे.

उत्तर – वैद्यकीय अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र

तुमचे रुग्ण हंगामात आमच्या भागात असतात, म्हणून लिहितो. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम देता येतात, पण हंगाम पाच-सहा महिने चालतो, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही आणि मध्ये एकदा तरी दुसऱ्या केंद्रातून औषध मिळावे लागते. त्यासाठी कायमची बदली करण्याची गरज नाही. प्रवासातील रुग्ण म्हणून त्याला उपचारांची नोंद असलेल्या हिरव्या पुस्तिकेवर आमच्याकडे औषध देता येते. अडचण अशी की पुस्तिका बहुतेक जण घरीच ठेवतात, कारण कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, ती लपवायला जागा नसते. निघण्यापूर्वी तुम्ही आमच्या केंद्राला एक फोन केलात तर पुस्तिकेवाचूनही आमचे काम सोपे होते.

खंड पडून आलेल्या रुग्णाबाबत एक विनंती आहे. औषध थांबल्यावर काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो, म्हणून अशा रुग्णाला केवळ बाटली देऊन परत पाठवू नये. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे ही चार लक्षणे विचारून आधी क्षयरोगाची शंका दूर करावी, आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) तपासावे. ते २०० च्या खाली असल्यास तो रुग्ण धोक्यात आहे असे समजून पुढील तपासण्या कराव्यात. क्षयरोगावर रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरील औषधाची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते, हेही लक्षात असावे. औषध पुन्हा नियमित झाल्यावर विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) तपासावा. घाईने घेतलेल्या चाचणीत आकडा वाढलेला दिसतो आणि औषध निकामी झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघण्याची भीती असते.

उत्तर – औषधावर असलेला एक जण

मी २००६ पासून औषध घेत आहे. मध्ये अकरा महिने सोडले होते. त्या काळातील गोळ्यांनी गाल आत गेले आणि हातापायांची चरबी झडली, तेव्हा गावात न सांगताच सगळ्यांना कळल्यासारखे झाले. पुढे रात्रीची गोळी आली, तिने चक्कर येई आणि भलतीसलती स्वप्ने पडत. आताच्या गोळीने मला तसला त्रास झालेला नाही, परंतु ज्याने त्या काळात औषध सोडले त्याला गोळी बदलली आहे हे कोणी जाऊन सांगितलेले नसते. समुपदेशकांनी हे अवश्य सांगावे.

मी परत गेलो तेव्हा खिडकीवरच्या व्यक्तीने सर्वांदेखत विचारले, ‘इतके दिवस कुठे मेला होतात?’ मी तसाच घरी परतलो आणि त्या अकरांपैकी चार महिने केवळ त्या एका वाक्यामुळे गेले. एसटीच्या सवलतीचेही असेच आहे. एचआयव्ही बाधितांना प्रवास सवलत आहे, पण कार्ड दाखवायचे ते आपल्याच गावच्या गाडीत, आपल्याच ओळखीच्या वाहकाला. म्हणून मी आजही तिकीट काढूनच जातो.

उत्तर – क्षेत्र कार्यकर्ती, सोलापूर

वरील अनुभव वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, तरीही संस्थेचे नाव रंगवलेली गाडी दारात उभी राहिली की गुप्तता तिथेच संपते. म्हणून मी नोंदणीच्या दिवशीच विचारून ठेवते की तुम्ही आला नाहीत तर मी कुठे भेटू, काय नाव सांगू आणि घरात कोणाला ठाऊक आहे. बहुतेक बाया बाजाराचा दिवस सांगतात. दिलेले फोन नंबर बंद पडतात, म्हणून ज्याला आजार ठाऊक आहे अशा एका नातेवाइकाचा नंबर रुग्णाच्या संमतीनेच घ्यावा. मुकादमामार्फत निरोप कधीही देऊ नये. पुढच्या वर्षी उचल मिळाली नाही तर ते कुटुंब तुम्हाला दोष देईल, आणि तो रास्तच असेल.

जन्मतः बाधित मुलांकडेही लक्ष असू द्यावे. आई-बाप तोडीला गेले की ती आजीकडे राहतात. आजीला ही ‘ताकदीची गोळी’ आहे एवढेच सांगितलेले असते, त्यामुळे मुलगा धडधाकट दिसू लागला की ती स्वतःच गोळी बंद करते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. आजीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्या यादीत अशी मुले आहेत आणि त्यांची औषधे कोणाच्या हाती दिली जातात ते मी याच आठवड्यात पाहते. कोण कोणत्या कारखान्याला जाणार हे यंदा पितृपक्षातच एकेकाला एकांतात विचारून लिहून ठेवीन. डॉक्टर, आपल्या केंद्रात रविवारी औषध मिळत नसेल तर तोडीचा तळ कोणत्या दिवशी बंद असतो, हे आपण तिकडे विचारून कळवू शकाल का?