आईचं ऑपरेशन झालंय, कोल्हापूरला जायचंय आणि थायलंडचं रिटायरमेंट एक्स्टेन्शन जानेवारीत संपतंय. आधी काय करू?

उद्यमनगरवाला, ४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात फाउंड्रीत उमेदवारी केली, पुढं शिरोली एमआयडीसीत बरीच वर्षं काढली. शेवटची नोकरी थायलंडात, चोनबुरीतल्या एका कास्टिंग कारखान्यात होती. निवृत्त झाल्यावर वर्क परमिट संपलं, मग नॉन-ओ व्हिसा (निवृत्तांना इथं राहण्यासाठी मिळणारा) करून आम्ही दोघं पट्टायाजवळ जोमटिएनलाच राहिलो. दरवर्षीचं एक्स्टेन्शन, म्हणजे मुक्कामाची मुदतवाढ, माझ्या नावावर आहे, बायकोचं माझ्यावर डिपेंडंट म्हणून.

गेल्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. वय ८४. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण आता तिला वॉकरवर उभी करायची आहे आणि घरी एकटी धाकटी बहीण आहे. तिची शाळेची नोकरी, वर हे सगळं. मला दोन-अडीच महिने तरी तिथं राहायचंय.

अडचण अशी की एक्स्टेन्शन १८ जानेवारीला संपतंय. त्यासाठी आठ लाख बाट दाखवावे लागतात, इथल्या खात्यात सध्या साडेचार लाख आहेत, बाकीचे कोल्हापुरातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या) ठेवीत. पासपोर्ट पुढच्या २२ ऑगस्टला संपतो, म्हणजे तोही आधी नवा करावा का, हा घोर. इथला एक एजंट म्हणतो, "पैसे आम्ही दाखवतो, जाण्याआधीच वर्षाचा शिक्का मारून देतो." माझं मन धजत नाही. कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

बावड्याचा पप्पू, ४ ऑक्टोबर

काका, आईंना लवकर आराम पडो. माझा मेहुणा बँकॉकला असतो, त्याच्याकडून ऐकलेली एक गोष्ट पक्की: री-एंट्री परमिट (बाहेर जाऊन त्याच व्हिसावर परत यायची परवानगी) काढल्याशिवाय विमानात बसू नका. ते नसेल तर देशाबाहेर पाऊल पडलं की एक्स्टेन्शन तिथल्या तिथं रद्द. इमिग्रेशन ऑफिसात वेळ नाही मिळाला तर सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही मिळतं.

शाहूपुरीच्या बाई, ५ ऑक्टोबर

दादा, मी हुआ हिनला राहते. शाहूपुरीत शाळेत होते, निवृत्तीनंतर इकडे आले आणि माझे सगळे कागद मी स्वतः करते. तुमचं वाचून आधी हे सांगते: तुम्ही जा. तारखा तुमच्या बाजूनं आहेत.

एक्स्टेन्शनचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ३० दिवसांत घेतात, म्हणजे तुमच्यासाठी १९ डिसेंबरपासून पुढं. आज तुम्ही जोमटिएनला थांबलात तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथं करण्यासारखं काहीच नाही. अट आहे ती पैशांची. अर्जाच्या दिवशी ८ लाख बाट तुमच्या एकट्याच्या नावावरच्या थाई खात्यात दोन महिने मुरलेले हवेत. पैसे ५ नोव्हेंबरपर्यंत खात्यात आले तर ५ जानेवारीनंतर कधीही अर्ज करता येतो. आणि ते पाठवायला तुम्ही कोल्हापुरात असणं उलट सोयीचं. ठेव मोडायची, शाखेत समोर बसून सह्या करायच्या, हे फोनवरून फार रखडतं. पैसे परदेशातून आल्याचा कागद थाई बँकेकडून मागून ठेवा. मी दरवेळी मागते, कधी लागेल सांगता येत नाही.

री-एंट्रीबद्दल पप्पू बरोबर सांगतोय. सिंगल १,००० बाट, मल्टिपल ३,८००. तुम्हाला सिंगल पुरेल. वहिनी बरोबर येणार असतील तर त्यांचं वेगळं काढायचं, तुमच्या परमिटात त्या येत नाहीत. आणि हे नीट लक्षात ठेवा की परमिटची मुदत एक्स्टेन्शनएवढीच असते. १८ जानेवारी म्हणजे १८ जानेवारी. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला कार्यालयं बंद, त्यानंतर गर्दी. तिकीट ३-४ जानेवारीचं काढा, १५-१६ चं नको.

आता पासपोर्ट. अधिकारी पासपोर्टच्या मुदतीपलीकडे एक्स्टेन्शन देत नाहीत, त्यामुळे वर्षाऐवजी तुम्हाला २२ ऑगस्टपर्यंतच मिळेल. लोक यासाठी आधी पासपोर्ट करायच्या मागं लागतात. मी म्हणेन, आत्ता अजिबात नको. अर्ज टाकून बसलात आणि पासपोर्ट दूतावासात अडकला तर आईकडे जाणार कसे? सात महिने मिळतात ते घ्या. फेब्रुवारीत निवांत बँकॉकच्या भारतीय दूतावासातून नवा पासपोर्ट करा, जुन्यातले शिक्के इमिग्रेशनमध्ये नव्यावर चढवून घ्या आणि पुढचा अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये टाका, तेव्हा पूर्ण वर्ष मिळेल. तोटा एवढाच की १,९०० बाटची फी एकदा लवकर भरावी लागते, वहिनींचीही तेवढीच वेगळी.

पण यंदा एक फरक पडेल. मंजुरीनंतर तीन महिने ८ लाखांना हात लावायचा नसतो, त्यानंतर ४ लाखांच्या खाली जायचं नसतं. तुमचे साडेचार लाख उरलेत ते त्याच हिशेबानं, बरोबर आहे. यंदा मात्र जानेवारीत मंजुरी मिळाली तर एप्रिलपर्यंत पैसे अडकले, आणि जुलैच्या अर्जासाठी मे महिन्यात पुन्हा पूर्ण हवेत. मधे जेमतेम महिनाभर उरतो. तेवढ्यासाठी पैसे काढू नका, ८ लाख तसेच पडू देत.

एजंटचं ऐकू नका. अर्जाची मुदत सुरू व्हायच्या अडीच महिने आधी, दुसऱ्याचे पैसे खात्यात दोन दिवस फिरवून मारलेला शिक्का पुढं तपासणीत निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, एजंटला नाही. तुमच्याकडे स्वतःचे पैसे आहेत, कागद स्वच्छ आहेत. घाबरून ही वाट धरायचं कारणच नाही.

परत आल्यावर: थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा, फुकट असतं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, त्याची मोजणी प्रवेशाच्या दिवसापासून नव्यानं सुरू होते. घरमालकाकडून टीएम ३० ची (तुम्ही त्याच्याकडे राहता याच्या नोंदीची) पावती घेऊन ठेवा. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन १०० बाट भरा म्हणजे पासबुकात त्या दिवसाची नोंद येते, आणि तिथूनच बँकेचं पत्र घेऊन थेट जोमटिएन सोई (गल्ली) ५ च्या इमिग्रेशन ऑफिसात जा.

राजारामपुरीतली सीए, ५ ऑक्टोबर

काका, पैशांपुरतं मी सांगते. तुम्ही अनिवासी आहात, त्यामुळे निवासींना परदेशी पैसे पाठवायची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा (एलआरएस) आणि तिच्यावर बँक आगाऊ घेते तो कर (टीसीएस) तुम्हाला लागू नाही. एनआरओमधून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. त्यासाठी कर भरल्याचा हिशेब, सीएचं सर्टिफिकेट आणि बँकेचा अर्ज लागतो. दिवाळीच्या सुट्ट्या आडव्या येतात, म्हणून ठेवीच्या पावत्या आणि व्याजावर कापलेल्या टीडीएसचे कागद बहिणीकडून आत्ताच गोळा करून घ्या. इथं उतरल्यावर पहिल्या आठवड्यात शाखेत जा.

ईपीएफओची (प्रॉव्हिडंट फंडाची) पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा लागतो असं नाही. ज्या दिवशी द्याल तिथून वर्षभर चालतो. इथं आहात तोवर देऊन टाका.

उद्यमनगरवाला, ६ ऑक्टोबर

बाई, ताई, पप्पू, तुमचे उपकार आहेत. काल रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. बहिणीला कागद काढायला सांगितलेत. मंडळीही येणार म्हणतात, सासूबाईंना अंघोळ घालायला बाईमाणूस हवं असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. उद्या दोघांची री-एंट्री काढतो.

आता एकच विचारतो. आईचं वय बघता डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. जानेवारीत निघायची वेळ आली आणि ती अंथरुणालाच असली, तर मी तिला सोडून तारखेसाठी यायचं का? नाही आलो तर इथलं सगळं बुडालं का?

शाहूपुरीच्या बाई, ६ ऑक्टोबर

नाही बुडत. आणि तसं झालं तर येऊ नका, आईजवळ थांबा.

तुम्ही देशाबाहेर असताना एक्स्टेन्शन संपलं तर ते फक्त संपतं. ओव्हरस्टे (मुदतीबाहेर राहणं) होत नाही, दंड नाही, नावावर काही डाग नाही. थाई बँकेतले तुमचे पैसे जिथल्या तिथं राहतात. पुढं दोन वाटा आहेत. एक, कोल्हापुरातूनच थायलंडच्या ई-व्हिसावर नॉन-ओ साठी अर्ज करायचा. तो मिळाला की ९० दिवसांचा प्रवेश मिळतो आणि त्यातच वर्षाच्या एक्स्टेन्शनचा अर्ज टाकायचा. दुसरी, पर्यटक म्हणून साधा प्रवेश घेऊन यायचं आणि जोमटिएनला नॉन-ओ करून घ्यायचा. त्याला २,००० बाट फी आणि अर्जाच्या वेळी मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक हवेत. तिथून पुढं पुन्हा तेच ८ लाख, तोच फॉर्म. वहिनींचं तुमच्यामागून होतं, लग्नाच्या दाखल्याचं थाई भाषांतर सांभाळून ठेवा. काही हजार बाट आणि तीन-चार महिन्यांची धावपळ वाढते, एवढंच.

म्हणून ८ लाख तिकडं वेळेत पाठवा आणि काहीही झालं तरी हलवू नका. दोन्ही वाटांना तेच लागतात. घरभाडं मात्र फेब्रुवारीपर्यंतचं आगाऊ देऊन ठेवा आणि घरमालकाला आईच्या आजारपणाची कल्पना द्या. उद्या री-एंट्रीच्या रांगेत प्रत्येकी एक फोटो आणि पासपोर्टच्या झेरॉक्सवर सही लागेल, सकाळी लवकर जा.