मदत हवी आहे: गजराला बुवांचे शब्द झांजेखाली बुडतात, माईक वाढवला की शिट्टी

नमस्कार मंडळी,

आमच्या वाडीत (कुडाळ तालुका) भजन मंडळ आहे. साउंडचं सगळं इतकी वर्षं गावातले एक काका बघायचे. त्यांचे गुडघे धरले, त्यामुळे यंदा गणपतीपासून मशीन माझ्याकडे आलं. मला पेटी येते, सूर कळतो, पण साउंड कुठे शिकलेली नाही.

सामान असं: आठ चॅनेलचा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर, १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, एक मॉनिटर (बुवांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर), शूरचे चार एसएम५८ माईक. बुवा मधे बसून पेटी वाजवत गातात, एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला तबला, आणि बुवांच्या पाठीशी कोरसवाली सात-आठ पोरं. त्यातल्या दोघांकडे झांज. जागा देवळाचा सभामंडप, खाली फरशी, वर पत्रे.

अभंग, गवळण छान जातात. गजर (चढत्या लयीतला नामघोष) चढला की पंचाईत. झांज अशी कडाडते की बुवांचे शब्द कळतच नाहीत. मी त्यांचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेते आणि लगेच कूऽऽ! गणपतीत एका रात्री पुढे बसलेल्या आजी कानामागे हात धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि नुसत्या टाळ्या वाजवत बसल्या. ते काही डोळ्यांसमोरून जात नाही. भजनात शब्दच पोचले नाहीत तर मग काय पोचलं?

आतापर्यंत दोन चुका सापडल्या. मॉनिटरचा ऑक्स (मिक्सरमधून मॉनिटरला आवाज पाठवणारी वेगळी वाट) पोस्ट-फेडर होता, म्हणजे मी बाहेरचा आवाज वाढवला की बुवांच्या समोरचा मॉनिटरही तेवढाच वाढायचा आणि शिट्टी तिथूनच यायची. तो प्री-फेडर केला, म्हणजे आता फेडर हलवला तरी मॉनिटर तसाच राहतो. दुसरं, मॉनिटर बुवांच्या कुशीला ठेवलेला असायचा. एसएम५८ कार्डिऑइड आहे, त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं ते पाठीमागून. म्हणून मॉनिटर बरोबर समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत आणला. स्पीकरही माईकच्या चार फूट पुढे सरकवले. शिट्टी बरीच कमी झाली, पण शब्द अजून बुडतात.

मग परवा तालमीत एक करून बघितलं. गजर चालू असताना कोरसचे दोन्ही माईक बंद केले. पोरांचा आवाज स्पीकरमधून गेला, झांज मात्र तशीच! म्हणजे झांज येतेय ती बुवांच्याच माईकमधून. विचार केल्यावर कळलं, तो माईक बुवांच्या तोंडाकडे बघतो, आणि त्यांच्या मागे बरोबर त्याच रेषेत झांजवाले बसलेत. मी बुवांना वाढवते तेव्हा झांजही वाढवते.

म्हणून विचारायचंय ते हे. झांजवाल्या दोघांना मागून उठवून बुवांच्या बरोबरीने दोन्ही टोकांना बसवलं तर? माईकच्या बाजूने, म्हणजे ९० अंशांतून, कार्डिऑइड साधारण ६ डेसिबल कमी घेतो, एवढं मला माहीत आहे. पण टोकांना बसल्यावर दोघांचा ठेका एकमेकांपासून सुटेल का, आणि पखवाजवाल्याच्या कानाशी झांज आली तर त्याचं काय, हे प्रत्यक्ष बसवून पाहिलेल्यांनी सांगावं. आमचे बुवा ऐकणारे आहेत, पण "मागे कोरस" ही बैठक त्यांच्या गुरूंपासूनची आहे, तेव्हा उगाच हलवायची नाही.

दुसरं, बुवा माईकपासून वीतभर लांब असतात, पेटीकडे बघताना आणखी मागे जातात. अंतर निम्मं झालं तर आवाज ६ डेसिबलने वाढेल, तेही गेन (मिक्सरवरची माईकची पातळी) न वाढवता. पेटीवर हात मोकळे राहून माईक तोंडाशी चार बोटांवर आणायला कुठला स्टँड वापरता? की सरळ हेडसेट माईक घ्यावा? घामाने तो किती टिकतो?

मिक्सरवर तीनच पट्ट्यांचा ईक्यू (जाड, मधला, बारीक आवाज कमीजास्त करायची सोय) आहे. बुवांच्या चॅनेलचं लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण) दाबलेलं आहे. पंधरा हजार जमलेत, त्यात ३१ बँडचा ग्राफिक ईक्यू (३१ पट्ट्यांचा, म्हणजे शिट्टीचा नेमका सूर कापता येतो असा) आधी घ्यावा की बैठक आणि माईकच आधी सुधारावा? माझा कल दुसऱ्याकडे आहे.

नवरात्रात पाच रात्री भजनं आहेत. आरती झाल्यावर साउंड चेकला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, कारण रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात. मंडप ३० बाय २० फूट, पत्रे १२ फुटांवर, माणसं शंभरेक. आणखी काही माप लागलं तर सांगा, उद्या संध्याकाळी देवळात जाऊन टेप लावून घेते.