बेसवरचा काठावरचा निर्णय: अंपायर बघतो की अंदाज मारतो?

फर्स्टबेसवाली
परवा सॉफ्टबॉलची मॅच हरलो, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. शेवटची इनिंग, दोन आउट, थर्ड बेसवर आमची रनर, एका रनची गरज. आमच्या डावखुऱ्या बॅटरने स्लॅप मारला, म्हणजे पळता पळताच बॉल टोलवला, आणि फर्स्ट बेसकडे सुटली. शॉर्टस्टॉपने, म्हणजे सेकंड-थर्डच्या मधल्या फिल्डरने, बॉल उचलून फर्स्टवर फेकला, आणि बॉल ग्लोव्हमध्ये शिरतोय न शिरतोय तोच अंपायरची मूठ वर. आउट, मॅच खल्लास. मी फर्स्टजवळच्या कोचिंग बॉक्समध्ये उभी होते, सगळं माझ्या नाकासमोर झालं. तिचा बूट बेसवर आधी पडला. माझं म्हणणं असं की हे लोक बघतच नाहीत, थ्रो छातीवर सरळ आला आणि फिल्डर छान ताणून उभी दिसली की हात आपोआप वर जातो. तोच थ्रो जरा वाकडातिकडा आला असता ना, तर त्याच टायमिंगला सेफ मिळालं असतं, पैज लावा.

जुनापंच
ताई, राग समजतो पण "बघतच नाहीत" हे काही पटलं नाही. फर्स्टवर अंपायर बॉल बघत नाही हे मात्र खरं, कारण त्याने बॉल बघायचाच नसतो. थ्रो सुटला की तो सरळ येतोय एवढं बघून घ्यायचं आणि मग नजर बेसवर खिळवायची, रनरचा पाय आणि फिल्डरचा पाय दोन्ही दिसले पाहिजेत, आणि बॉल कानाने पकडायचा. ग्लोव्हचा "फट्ट" आधी की बूट आधी, एवढाच प्रश्न. उभं राहायचं ते थ्रोच्या लाइनला साधारण काटकोनात, पंधरा-अठरा फुटांवर. लोकांना वाटतं जितकं जवळ तितकं बरं, पण जवळ गेलात की पाय बघू की ग्लोव्ह बघू करत मान हलवावी लागते आणि तिथेच घात होतो. टॅगचं, म्हणजे बॉल धरलेला ग्लोव्ह रनरला लावून आउट करायचं, वेगळं, तिथे जवळ जावंच लागतं, ग्लोव्ह आणि रनरच्या मधली फट दिसली पाहिजे.

आणि हे सगळं जिथे फर्स्टजवळ दुसरा अंपायर आहे तिथलं. एकटा असला तर मास्क काढून प्लेटमागून, म्हणजे बॅटरच्या मागून, धावत यायचं आणि धापा टाकत निर्णय द्यायचा.

पण एक मान्य. मूठ लगेच वर गेली असेल तर ती चूकच. थांबायचं असतं. मी नवीन असताना असाच रुबाबात हात वर केला, तोंडातून "आउ" निघालं आणि खाली बघतो तर बॉल फिल्डरच्या पायाशी मातीत गरगरतोय. तोच हात तसाच आडवा करून सेफ दिलं. दोन्ही डगआउट, म्हणजे दोन्ही टीमचे बाक, हसले.

टायम्हणजेसेफ
एवढं कशाला, बरोबरी झाली की रनरचा फायदा, लहानपणापासून हेच ऐकतोय. विषय संपला.

जुनापंच
नियमात बरोबरीचा फायदा वगैरे काही लिहिलेलं नाही हो. लिहिलंय एवढंच की बॅटर-रनर पोहोचायच्या आधी बॉल धरून बेसला स्पर्श झाला तर आउट. आधी नाही झाला तर आउट नाही, त्यातून तुमची म्हण निघाली असेल. पण मैदानात "बरोबरी होती म्हणून सेफ दिलं" असं सांगणारा अंपायर म्हणजे ज्याला दिसलं नाही तो.

आवाजाचावेग
कानाने बॉल पकडायचा हे ऐकायला भारी वाटतं पण हिशोब करा की राव. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटर, म्हणजे ग्लोव्हचा आवाज अंपायरपर्यंत यायला सुमारे १६ मिलिसेकंद. तेवढ्यात सेकंदाला सात मीटर धावणारी रनर ११ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. प्रकाशाला काही वेळच लागत नाही. म्हणजे पद्धतीतच खोट आहे.

फर्स्टबेसवाली
थांबा थांबा, मग हे तर माझ्याच बाजूचं झालं! आवाज उशिरा येतो म्हणजे उलट रनरला फायदा मिळायला हवा ना, आणि तरी आमची आउट? मग त्याने ऐकलं तरी काय?

आवाजाचावेग
नाही ताई, अजून एक भानगड आहे. कानाचा सिग्नल मेंदूत डोळ्यापेक्षा लवकर पोहोचतो, म्हणूनच माणूस आवाजाला प्रकाशापेक्षा जरा पटकन रिअ‍ॅक्ट होतो. वाटेत गेलेला वेळ आत भरून निघतो, कदाचित जास्तच. शिवाय बॉल तळव्यात बसला तर फट्ट होतो, ग्लोव्हच्या जाळीत अडकला तर जवळजवळ आवाजच नाही, आणि त्यात डगआउटमधून वीस जणी किंचाळत असतात.

राइटफील्डवरूनचबरं
मी ताईंच्याच टीममध्ये आहे, मोबाइलवर शूट केलंय. एका फ्रेममध्ये बूट बेसच्या वर हवेत आणि बॉल ग्लोव्हच्या अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये बूट बेसवर आणि बॉल आत. मधलं काहीच नाही. सेकंदाला तीस फ्रेमचा व्हिडिओ, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद, तेवढ्यात पाव मीटरभर धावून होतं. दहा वेळा पाहिला, पाच वेळा सेफ वाटलं.

फर्स्टबेसवाली
तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?

कोपऱ्यातबसून
ताई, तुम्हाला खात्री वाटते तशीच समोरच्या फर्स्ट बेसवालीलाही वाटत असणार. २०१९ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत प्रयोग झाला होता, दोघांनी एकाच वेळी स्पर्श केला तरी प्रत्येकाला आपलाच आधी झाला असं वाटतं, जवळपास ५० मिलिसेकंदांचा फरक. आपापल्या जागी दोघंही खरं बोलत असतात. आता तुम्ही धावत नव्हता हे खरं, पण जर्सी तीच होती ना.

आणि अंदाजाचं म्हणाल तर अंपायर जिम जॉइस आठवा. बेसबॉल आहे पण प्रश्न तोच. २ जून २०१०, डेट्रॉइट, पिचर गॅलारागाने सलग २६ बॅटर आउट केलेले, सत्ताविसावा झाला की परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर पोहोचला नाही अशी मॅच. अख्खं स्टेडियम आउटची वाट बघतंय आणि जॉइसने फर्स्टवर सेफ दिलं. रनर चांगला आउट होता, काठावरचाही नव्हता. अंदाजच मारायचा असता तर आउट म्हणणं सगळ्यात सोपं होतं.

फर्स्टबेसवाली
उलट मला तर वाटतं आपण गर्दीला भुलत नाही हे स्वतःलाच पटवायच्या नादात तो चुकला. पण त्याने व्हिडिओ बघून चूक कबूल केली, दुसऱ्या दिवशी प्लेटवर डोळे पुसत उभा होता. आमचे साहेब मॅच संपल्यावर किट उचलून सरळ गाडीकडे गेले.

टायम्हणजेसेफ
म्हणून रिप्ले पाहिजे. २०१४ पासून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये असले निर्णय व्हिडिओवर बघतात.

जुनापंच
चारी बाजूंनी चांगले कॅमेरे असतील तर जरूर बघा. आमच्याकडे बऱ्याच मॅचला दुसरा अंपायर मिळत नाही. आणि सॉफ्टबॉलला साठच फुटांवर बेस, बेसबॉलसारखे नव्वद नाहीत, त्यात डावखुरी स्लॅप मारणारी बॅटर चालू पावलाने निघालेली. एका मॅचमध्ये असले सात-आठ प्रसंग येतात, प्रत्येकाला मोबाइल काढणार का?

एक विचारू ताई? तुम्ही स्वतः फर्स्टवर खेळता. थ्रो आला की आउट पक्का दिसावा म्हणून बेसवरचा पाय कधी जरा आधी काढत नाही?

फर्स्टबेसवाली
काढते. तो वेगळा विषय आहे.