२००६ ची एस्टीम, हातात पावणेदोन लाख: मॉडिफाय करू की पैसे राखून ठेवू? (मदत हवी आहे)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आमच्याकडे मार्च २००६ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय आहे. पेट्रोल, १२९८ सीसी, ८५ बीएचपीवालं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन. एमएच-१२, चंदेरी रंग, १ लाख ३८ हजार किलोमीटर. बाबांनी नवी घेतली होती. ते एसटीच्या दापोडी कार्यशाळेत होते, त्यामुळे गाडीची एक वही आहे. ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले, कूलंट कुठलं घातलं, सगळं तारीखवार. २०१९ मध्ये आई-बाबा वाईला कायमचे राहायला गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मी पुण्यात धायरीला राहते. रोज ऑफिसला बसने जाते. गाडी निघते ती आठवड्याच्या बाजाराला आणि महिन्यातून दोनदा वाईला.

भिशीचे १ लाख ७५ हजार हातात आलेत. घरावर कर्ज नाही, मुलीच्या फीचे पैसे वेगळे ठेवलेत, अडीअडचणीची ठेवही आहे. म्हणजे हे पैसे खरोखरच मोकळे आहेत. असे पैसे आयुष्यात पहिल्यांदाच आलेत.

माझ्या मनात काय आहे ते सरळ सांगते. कॉलेजात होते तेव्हापासून मला या गाडीत १.६ चं इंजिन बसवायचं आहे. रॅलीत धावणाऱ्या एस्टीमचे फोटो मी मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. ही गाडी अंगाने हलकी आहे आणि चढावर तिसऱ्या गियरमध्ये जी ओढते ती मजा मला नव्या गाड्यांत येत नाही. जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं इंजिन हिच्यात बसतं हे बऱ्याच जणांना माहीत असेल. भोसरीकडच्या एका गॅरेजने इंजिन, गियरबॉक्स आणि मजुरी धरून ९५ हजार सांगितले. १४ इंची अलॉय चाकं आणि टायर ४२ हजार, फ्री-फ्लो सायलेन्सर १४ हजार. उरलेल्यात लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या. हिशोब बरोबर बसतो, आणि तो इतका चोख बसतो याचीच भीती वाटते.

नवऱ्याचं म्हणणं, जी गाडी दलाल ४५ हजारांना मागतो तिच्यात पावणेदोन लाख घालणं पटत नाही. तेच पैसे भरून नवी छोटी गाडी हप्त्यावर घेऊ, निदान एअरबॅग आणि एबीएस तरी मिळतील. आमच्या एस्टीममध्ये दोन्ही नाहीत. त्याचं हे म्हणणं मी उडवून लावू शकत नाही, कारण मागे मुलगी बसते.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. वाईहून परत येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडचा उतार लागला. रविवारची संध्याकाळ, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. अर्ध्या उतारावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं. दाबलं तर खाली जात होतं, दोन-तीनदा पंप केलं की पकडायचं. मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली, डावीकडे घेतली आणि कशीबशी थांबवली. मुलीला काही कळलं नाही. मी मात्र दहा मिनिटं स्टिअरिंग सोडलं नाही.

गॅरेजमध्ये कळलं की मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) पाझरत होता आणि ब्रेक ऑइल काळं झालं होतं. सिलिंडर बदलला, ऑइल बदललं, गाडी परत आली. रात्री बाबांना फोन केला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "ब्रेक ऑइल आधी कधी बदललं होतंस?" वही काढली. शेवटची नोंद २०१८ ची, त्यांच्याच अक्षरात. माझ्या अक्षरात वहीत फक्त पेट्रोल आणि पंक्चर.

तेव्हापासून झोपताना डोक्यात हेच चालू असतं. माझे प्रश्न असे:

या वयाच्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घालणं कितपत शहाणपणाचं? नोंदणीचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे, तेव्हा अडचण येईल का? आणि इंजिन नाही बदललं तर हे पैसे याच गाडीत कुठे घातले की ती खरंच चांगली होईल? "विकून टाका" हेही उत्तर चालेल, पण कारण सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी हे केलेलं आहे म्हणून लिहितोय. गाडी दुसरी होती, पण चूक हीच.

कागदाचं आधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणीपत्रावरच्या (आरसी), म्हणजे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. रंग बदलता येतो, पण आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. सीएनजी किटचंही तसंच. त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. तुमच्या आरसीवर मात्र १२९८ सीसी लिहिलंय आणि बॉनेटखाली १५९० सीसी असेल. इंजिन नंबर वेगळा, सीसी वेगळी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाऊन केलेले बदल चालणार नाहीत असाच निकाल दिलाय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंड भरून लोक मोकळे होतात, पण खरी भीती विम्याची आहे. गाडीत न कळवलेला इतका मोठा बदल असेल आणि अपघातात कुणाला लागलं, तर विमा कंपनी तुमच्याकडे बोट दाखवणार. मी तीन वर्षं तशी गाडी चालवली. रस्त्यात हवालदार दिसला की छातीत धडधडायचं. चालवण्यातली मजा पहिल्या सहा महिन्यांत संपली, धडधड शेवटपर्यंत राहिली. शेवटी मूळ इंजिन परत बसवून विकली.

मार्चमध्ये गाडीला वीस वर्षं पूर्ण होतायत ना? ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये झालंय. पर्यावरण कर वेगळा. ते पैसे आधी बाजूला काढा. आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावली नसेल तर तीही आधी लावून घ्या.

प्रतिसाद २

विका. कारण विचारलंत म्हणून सांगतो: नव्या टायरने आणि नव्या ब्रेकने एअरबॅग येत नाही. मागे लहान मूल बसत असेल तर माझ्यासाठी विषय तिथेच संपतो.

प्रतिसाद ३

वरच्या मताचा आदर आहे, पण ताईंची गाडी महिन्याला जेमतेम चारशे-पाचशे किलोमीटर चालते. तेवढ्यासाठी सात वर्षांचा हप्ता घ्यायचा की नाही हा प्रत्येक घराचा स्वतंत्र हिशोब आहे. मी पस्तीस वर्षं गाड्या उघडत आलोय. ठेवायचीच ठरली तर काय करा ते सांगतो.

पैसा घालण्याआधी पत्रा बघा. इंजिन कुठेही मिळतं, पत्रा मिळत नाही. गाडी लिफ्टवर घ्या, आतला गालिचा उचला, पायाखालची जागा, मागच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा आणि दारांच्या खालच्या कडा जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा मेलेला आहे. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असेल तर डोळ्यांना कळत नाही, म्हणून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे. आधार देणारा भाग सडला असेल तर पुढचं वाचू नका, गाडी विका.

पत्रा धड असेल तर पहिला खर्च ब्रेकवर. तुमच्या मेस्त्रीने एक सिलिंडर बदलला. मागच्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच वयाचे असतात, दुसराही जाणार. मास्टर सिलिंडर, चारही रबरी होज (नळ्या), पुढच्या डिस्क आणि पॅड, मागचे लायनर, सगळं एकदम करा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. तुमच्या बाबतीत गळती आणि जुनं ऑइल दोन्ही एकत्र आलं असणार. यापुढे दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि तो उतार तिसऱ्या गियरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर नको.

मग रबर. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलचे होज आणि सील कडक झालेत का, भेगा पडल्यात का बघा आणि इथेनॉल सोसणारे होज घाला. आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. गाडी आठवडा-आठवडा उभी असते, म्हणून टाकी फार काळ अर्धी रिकामी ठेवू नका. टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) नोंद वहीत शोधा. सापडली नाही तर बदललेला नाही असं धरून चाला.

अलॉयबद्दल. तुमचा मूळ टायर १७५/७० आर१३, म्हणजे चाकाची एकूण उंची साधारण ५७५ मिलिमीटर. १८५/६० आर१४ घातला तर ५७८ च्या आसपास. स्पीडोमीटरला फरक पडत नाही, म्हणून लोक हाच साइज घेतात. पण टायरची भिंत बाराएक मिलिमीटरने कमी होते आणि सिंहगड रोडचा एक खड्डा रिमला पुरतो. लोअरिंग स्प्रिंग तर विसराच. सोसायट्यांचे स्पीडब्रेकर गाडीचं पोट फाडतील. त्यापेक्षा चारही शॉकॲब्सॉर्बर, माउंट, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट नवे घाला आणि अलाइनमेंट करा. वीस वर्षांत गाडी हळूहळू सैल झालीय आणि तुम्हाला त्याची सवय झालीय. हे काम झाल्यावर पहिल्याच वळणाला तुमच्या लक्षात येईल की १.६ ची जी भूक होती ती बरीचशी हीच होती.

दिवे राहिले. जास्त वॉटचे बल्ब घालू नका, होल्डर वितळतात. एलईडी बल्बही नकोत, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बॅटरीपासून रिले (दिव्यांना थेट बॅटरीचा करंट देणारा स्विच) लावून नवी वायर ओढा. जुन्या बारीक वायरी आणि स्विचमधून येता येता व्होल्टेज पडतं. मूळचेच ६०/५५ वॉटचे बल्ब रिलेवर लावले की उजेड चांगलाच वाढतो. खर्च दोन-अडीच हजार.

सामान नाना पेठेत मिळेल, पण ब्रेकचं काहीही बिलाशिवाय घेऊ नका. खोक्यावरचं छापील काम हुबेहूब करणारे लोक आहेत.

धागालेखिकेचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. घरी बोललो. तीन वर्षांनी, मुलगी दहावीला जाईल तेव्हा, नवी गाडी घ्यायची असं ठरलंय आणि त्यासाठी यातलेच ६० हजार आजच वेगळे ठेवलेत. तोवर पावसाळ्यात आणि रात्री वाईचा प्रवास एसटीने. मागच्या सीटवर पट्टा न लावता कुणी बसणार नाही, बाबासुद्धा.

रविवारी गाडी लिफ्टवर घेतली. स्क्रूड्रायव्हर मीच चालवला. उजव्या मागच्या कमानीत तळहाताएवढा पत्रा गेलाय, बाकी सगळा टणक आहे. बाबांनी २०११ मध्ये खालून अँटिरस्ट मारून घेतल्याची नोंद वहीत आहे, ती कामाला आली. इंजिनाच्या चारही सिलिंडरचा दाब (कॉम्प्रेशन) जवळपास सारखा निघाला, तेव्हा इंजिनाला हात लावायचं कारणच उरलं नाही. १.६ चा विचार सोडला. सोडताना वाईट वाटलं, ते इथे लपवत नाही. टायमिंग बेल्टची नोंद २०१४ ची आहे, म्हणजे तो आधी.

कमानीचा पत्रा कापून नवा जोडायचा, ब्रेक पूर्ण, होज, बेल्ट आणि वॉटर पंप, चारही शॉकॲब्सॉर्बर आणि बुश, दिव्यांना रिले, नूतनीकरणाचे १०,०००. एवढं धरून आकडा ९० हजारांच्या आत बसतोय. बाबांना यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, मागचे ड्रम उघडशील तेव्हा मला फोन लाव, व्हिडिओवर दाखव. ब्रेकचं काम सुरू होईल त्या दिवशी मी रजा टाकली आहे.

शनिवारी गाडी सोडते. आता फक्त टायरचं ठरायचंय. आत्ताच्या टायरवर ३५१७ छापलंय, म्हणजे २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यातले, ते जाणारच. मूळ १७५/७० आर१३ मध्येच घ्यायचेत. ओल्या रस्त्यावर, विशेषतः खंबाटकीच्या चढावर चांगली पकड देणारे आणि एप्रिल-मेमध्ये डांबरावर फार आवाज न करणारे कोणते? गेल्या वर्षभरात कुणी या साइजचे घेतले असतील तर किती किलोमीटर झाले तेही सांगा.