मदत हवी आहे: आईची गाठ डॉक्टर का काढत नाहीत?

कोरेगावकर: आईला स्तनाचा कॅन्सर, चौथी स्टेज. डॉक्टर म्हणतात गोळ्या सुरू करू, ऑपरेशन नको. गाठ हाताला लागतेय आणि काढायची नाही? मामा रोज भांडतोय. दुसरीकडे न्यावं का? लवकर सांगा.

शर्वरी_के: पसरलाय कुठे? वय? ईआर, पीआर, हर-टू (गाठीच्या तुकड्यावरच्या हार्मोन आणि प्रथिनाच्या तपासण्या) काय आलंय? याशिवाय कुणी काय सांगणार?

दिनू_मास्तर: आमच्या वहिनींना आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन). आज ठणठणीत आहेत. काढायलाच लावा.

शर्वरी_के: मास्तर, वहिनींची तिसरी स्टेज असणार. आजार छाती-काखेपुरता असला की ऑपरेशन हवंच. चौथीत तो रक्तातून लांब गेलेला असतो, तिथे औषधच पोचतं. चौथ्या स्टेजवरच्या, टाटा हॉस्पिटलच्या २०१५ साली छापून आलेल्या अभ्यासात केमो लागू पडलेल्या ३५० बायका होत्या. ऑपरेशन-शेकवाल्या गटातल्या निम्म्या बायका १९.२ महिन्यांहून जास्त जगल्या, ते न केलेल्या गटातल्या निम्म्या २०.५ महिन्यांहून; म्हणजे आयुष्य वाढलं नाही.

मृण्मयी_पुणे: तुर्कस्तानातल्या अशाच अभ्यासात ऑपरेशनचा फायदा दिसला होता की! पाच वर्षांनी ४१.६ टक्के हयात, दुसऱ्या गटात २४.४.

शर्वरी_के: तिथे ऑपरेशनच्या गटात मुळातच सौम्य आजाराच्या बायका जास्त होत्या. नंतर अमेरिकेतल्या अभ्यासातही आयुष्य वाढलेलं दिसलं नाही.

एक_वाचक: महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा.

कोरेगावकर: पैशाचं विचारलंच नाहीये. वय ६१, मणक्यात आहे. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी) आणि रायबोसिक्लिब (कॅन्सरची वाढ रोखणारी) या गोळ्या दिल्यात. गाठीवरची कातडी लाल झालीय, ब्लाउजला डाग पडतात.

शर्वरी_के: अहो, हे सगळ्यात महत्त्वाचं! गोळ्या बरोबर आहेत. पण जखम चिघळली, रक्त थांबेना, तर त्रास कमी करायला गाठ काढतात किंवा शेक देतात. मणका दुखत असेल तर तिथेही शेक. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रायबोसिक्लिबसोबत ईसीजी आणि रक्ततपासणी चुकवू नका.

दिनू_मास्तर: सोबत गव्हांकुराचा रस चालू करा.

मृण्मयी_पुणे: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही रस-काढा नको, मास्तर. कोरेगावकर, ते डाग डॉक्टरांना दाखवलेत का?

कोरेगावकर: नाही. पुरुष डॉक्टरांसमोर आई पदर बाजूला करत नाही. साताऱ्यात कॅन्सरच्या बाई डॉक्टर कुणाला माहीत आहेत का?